अय्यूबभाईंचा बॅकअप

अय्यूबभाई घराबाहेर पडायचे म्हणजे दिलशादला निदान पंधरा मिनिटं दारात ताटकळत उभं राहावं लागे. एक चष्मा नाकावर असे, दुसरा खिशात आहे की नाही ते तपासायचं असे. घराची एक चावी त्यांच्याकडे, एक तिच्याकडे आणि एक समोरच्या सुनंदाताईंकडे. भाजीला जाताना पिशव्या दोन, कारण पहिलीचा बंद तुटला तर? लग्नाला तीस वर्षं होऊन गेली होती आणि अजून एकाही पिशवीचा बंद तुटला नव्हता. पण हे त्यांना बोलून दाखवलं की ते म्हणत, "तुटला नाही म्हणूनच तर फिकर आहे."

सव्वीस वर्षं कुवेतला एका पंपिंग स्टेशनवर ते इलेक्ट्रिशियन होते. तिथे म्हणे प्रत्येक यंत्राला जोडीदार असे. एक बंद पडलं की दुसरं आपणहून सुरू होई. तिथून ते कायमचे पनवेलला परतले तेव्हा दोन गोष्टी घेऊन आले, एक गुडघेदुखी आणि दुसरा 'बॅकअप' हा शब्द. गुडघ्यांवर औषध सुरू होतं. बॅकअपवर औषध नव्हतं. मोहल्ल्यात वीज गेली की सगळ्या इमारतीत अंधार व्हायचा आणि एकट्या अय्यूबभाईंच्या खिडकीत दिवा दिसायचा. मग कुणी मोबाइल घेऊन यायचं, कुणी मुलांचा अभ्यास घेऊन यायचं, आणि दिलशाद चहाचं आधण चढवायची. नवऱ्याच्या बॅकअपला दूध आणि साखर आपली लागते, असं ती सुनंदाताईंना सांगत असे.

तर अशा माणसाच्या एकुलत्या एक मुलीचा निकाह ठरला. मुलगा उरणचा, नाव तौसीफ, बंदरातल्या एका कंपनीत कागदपत्रांचं काम बघणारा. मुलगा चांगला, माणसं चांगली, तारीख ठरली, आणि मग जागेवरून सुरू झालं. करंजाड्याला एक नवा हॉल झाला होता. तिथे एसी होता, वायफाय होतं, गाड्या लावायला जागा होती. दिलशादला तो फार आवडला. अय्यूबभाईंनी मान हलवली. त्यांना निकाह वाडीत करायचा होता.

वाडी म्हणजे पळस्प्याच्या पुढे, गोव्याच्या रस्त्याला लागल्यावर आत वळून, टेकडीच्या कुशीत असलेली त्यांची चौदा आंब्यांची बाग. कुवेतच्या पहिल्या दहा वर्षांतली सगळी उमेद त्या जमिनीत होती. झाडं त्यांनी सुट्टीत येऊन लावली आणि पुढच्या सुट्टीत येऊन मोजली. पण विजेचा खांब हमरस्त्यापर्यंत आला होता, वाडीपर्यंत नाही. आणि टेकडी आड येत असल्यामुळे मोबाइलची रेंज अशी की फोन हातात धरून माणूस सगळ्या वाडीला फेरी मारी आणि शेवटी खिशात ठेवून देई.

"झाडांखाली करू, दुपारचा करू. दिवे कशाला लागतायत?" अय्यूबभाई म्हणाले.

एवढ्यावर ते निभावलंही असतं. पण महिनाभर आधी अदीबचा फोन आला. अदीब म्हणजे थोरला मुलगा, बापाच्याच वाटेने कुवेतला गेलेला, तिथल्या एका इस्पितळात यंत्रं सांभाळणारा. त्याच्या जागी काम करणारा माणूस आजारी पडला होता आणि त्याची मंजूर झालेली रजा रद्द झाली होती.

जास्मीन त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चहाचा कप खाली ठेवला आणि शांतपणे सांगितलं, "भाईजान दिसला नाही तर मी हो म्हणणार नाही. विचारायला वकील येऊदेत, गवाह येऊदेत. मी गप्प बसेन."

"अगो, फोटो पाठवू की त्याला," दिलशाद म्हणाली.

"फोटो नको. तो मला बघत असायला पाहिजे."

दिलशादने नवऱ्याकडे पाहिलं. हा हट्ट तिच्या माहेरचा नव्हता, हे तिला चांगलं ठाऊक होतं. ती म्हणाली, "आता तरी हॉल घ्या, अदीबचे अब्बा."

"निकाह माझ्या झाडांखाली होईल आणि अदीब तो बघेल. दोन्ही होईल," अय्यूबभाई म्हणाले. मग जरा थांबून लेकीला म्हणाले, "माझी जबान आहे."

दिलशाद यावर पुष्कळ बोलू शकली असती. ती बोलली नाही, त्याला कारण होतं. जास्मीन जन्मली तेव्हा अय्यूबभाई कुवेतला होते. दिलशादच्या भावाने पनवेलच्या एसटीडी बूथवरून फोन लावला. "मुलगी झाली, पण दिलशाद..." एवढं बोलून होतंय तोवर लाइन तुटली. भावाला पुढे एवढंच सांगायचं होतं की दिलशाद झोपली आहे. पण ते सांगायला दोन दिवस लाइनच लागली नाही. त्या दोन दिवसांत अय्यूबभाईंनी काय खाल्लं, कुठे झोपले, हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सुट्टीवर आले तेव्हा कानशिलाचे केस पांढरे झालेले होते, वय चौतीस. या माणसाला लोकांनी हसावं, तीही हसत असे, पण एका हद्दीपर्यंत.

मग डबा बनायला लागला. कुवेतहून आणलेला निळा पत्र्याचा टूलबॉक्स होता. त्यातली हत्यारं बाहेर आली आणि आत बॅटरी बसली, वायरी बसल्या, हिरवा दिवा बसला. सिम कार्डावर चालणारा एक राउटर घेतला, त्याला बाहेरून लावायचा लांब अँटेना घेतला. राउटर बांबूवर चढवून झाडाच्या वर न्यायचा, तिथे टेकडीपलीकडच्या टॉवरची रेंज पकडायची, आणि खालून डब्याने त्याला वीज पुरवायची, अशी सगळी योजना होती. गच्चीवर चाचणी झाली. डबा मधे, राउटर बाजूला, आणि समोर खुर्ची टाकून अय्यूबभाई. दर तासाला ते वहीत काहीतरी लिहीत. दिलशाद तिसऱ्यांदा चहा घेऊन वर गेली तेव्हा तिने विचारलं, "अंडी उबवताय का?"

"नऊ तास झाले. बॅटरी अजून अर्ध्यावर पण आली नाही," ते म्हणाले. चेहऱ्यावर नातू झाल्यासारखा आनंद होता.

दिलशादने वाकून डबा पाहिला. पुढच्या बाजूला मोबाइल चार्ज करायची पाच सॉकेटं ओळीने बसवलेली होती. "राउटर एक आणि ही पाच भोकं कशाला?"

"मेहमान येतील. कुणाचा फोन उतरला तर काय सांगायचं? अय्यूबच्या घरी लग्नाला आलो आणि फोन बंद घेऊन गेलो?"

तौसीफच्या वडिलांनी जनरेटर आणू का, म्हणून विचारलं होतं. अय्यूबभाईंनी नम्रपणे नकार दिला. जनरेटरच्या घरघरीत निकाहचे शब्द ऐकू येत नाहीत, असं त्यांचं म्हणणं पडलं. खरं कारण निळ्या रंगाचं होतं आणि पलंगाखाली ठेवलेलं होतं, पण ते व्याह्यांना कोण सांगणार?

निकाह रविवारी होता. सकाळी गव्हाणचा दयाराम कोळी बांबू घेऊन आला. बंदरात क्रेन चालवून निवृत्त झालेला आणि आता स्वतःची लहान होडी घेऊन खाडीत जाणारा हा गडी अय्यूबभाईंचा शाळेपासूनचा दोस्त. राउटर त्याने प्लास्टिकच्या बरणीत घालून बांबूला बांधला आणि बांबू सगळ्यात उंच आंब्याला. डब्याचा हिरवा दिवा लागला. मिनिटभराने दिलशादच्या हातातल्या टॅबवर अदीबचा चेहरा आला. नवा शर्ट, केस नीट विंचरलेले, मागे भिंतीला लावलेलं कॅलेंडर.

"अस्सलाम आलेकुम अम्मी. झाडं केवढी झाली."

दिलशादला एकदम भरून आलं. अय्यूबभाईंनी दयारामच्या पाठीवर थाप मारली. दयाराम म्हणाला, "भाई, आता तुमी निवांत बसा. बांबू कुठं जात नाय."

बांबू कुठे गेला नाही. जे व्हायचं ते खाली झालं.

अकराच्या सुमाराला उरणची मंडळी आली. नवरदेवाची फुलांनी मढवलेली गाडी तेवढी वाडीच्या आत, झाडापर्यंत आली. बाकीच्या गाड्या वाट अरुंद म्हणून हमरस्त्यावरच राहिल्या. तौसीफच्या मामूंना डबा दिसला. त्यांनी विचारलं, हे काय? आता अय्यूबभाईंना हा प्रश्न विचारणं म्हणजे घाईत असलेल्या माणसाने करायची गोष्ट नव्हे. त्यांनी सगळं समजावलं. मामूंनी कौतुकाने मान डोलावली आणि खिशातून फोन काढला. "माझा बघा, बारा टक्के."

"लावा की. तुमचंच आहे."

मामूंचं बघून त्यांचे दोघे भाचे आले. मग तौसीफच्या एक मावशी, खालाजान, आल्या. त्यांनी फोन लावला नाही, पर्समधून विटेएवढी पॉवर बँक काढून लावली, घरी जाताना उपयोगी पडेल म्हणून. पाचही भोकं भरली. एकाचा फोन निघाला की दुसऱ्याचा लागे, आणि अय्यूबभाई स्वतः प्रत्येकाला वायर शोधून देत होते. दिलशादने बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "अहो, राउटरला काही ठेवाल की नाही?"

"नऊ तास चालते ती."

"नऊ तास राउटर चालत होता. त्यात ही वीट नव्हती."

"मेहमान आहेत, दिलशाद. काढा म्हणू त्यांना?"

दुपारची जोहरची नमाज झाली. काझीसाहेब आले. त्यांना तीन वाजता पनवेलात दुसरा निकाह पढवायचा होता, दोनला निघायलाच हवं, असं त्यांनी आल्याआल्या सांगितलं. वकील, म्हणजे निकाहात मुलीची संमती विचारणारे बुजुर्ग, आणि दोन गवाह इजाजत घ्यायला पडद्यामागे जास्मीनकडे आले. दिलशाद टॅब धरून लेकीसमोर उभी राहिली. जास्मीनने मान वर करून भावाला पाहिलं. अदीब काहीतरी बोलायला लागला आणि तोंड उघडं ठेवूनच थांबला. चित्र थिजलं. मग टॅबवर एक गोल फिरायला लागलं, आणि मग तेही गेलं.

वकिलांना त्यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी मुलाचं नाव, बापाचं नाव, मेहेरची रक्कम असं सगळं रीतसर सांगून विचारलं, "इजाजत आहे?"

जास्मीन गप्प.

त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं. ती टॅबच्या काळ्या काचेकडे बघत राहिली. वकिलांनी गवाहांकडे पाहिलं, गवाहांनी वकिलांकडे, आणि त्यातला एक घसा खाकरून बाहेर गेला. वाडी केवढीशी. मुलगी हो म्हणत नाही, ही बातमी शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचायला बिर्याणीच्या वासापेक्षा कमी वेळ लागला. तौसीफच्या आईचा हात डोक्यावरच्या पदरापाशीच थांबला. तौसीफ उभा राहिला होता.

दिलशाद धावत बाहेर आली. अय्यूबभाई डब्यासमोर उकिडवे बसले होते. हिरवा दिवा गेला होता. ओळीने लावलेले पाच फोन मात्र झगझगीत होते, आणि मामू आपला उचलून बघत होते. "ऐंशी टक्के झाला," ते समाधानाने म्हणाले.

"जास्मीन बोलत नाही," दिलशाद म्हणाली. "ती नाही बोलणार."

अय्यूबभाईंनी वर पाहिलं. त्यांचा चेहरा बघून दिलशादच्या मनातलं सगळं टोचून बोलणं विरून गेलं. खालाजाननी घाबरून पॉवर बँक पुढे केली. तिचा व्होल्टेज वेगळा, राउटर तिच्यावर चालणार नव्हता. कुणी म्हणालं, हमरस्त्यावर जाऊन फोन लावू. पण नवरीला हमरस्त्यावर कोण नेणार? काझीसाहेबांनी घड्याळ पाहिलं. एक चाळीस झाले होते.

दयाराम इतका वेळ बांबूला धरून उभा होता. तो म्हणाला, "भाई, आमच्या होडीवरचा दिवा गाडीच्या बॅटरीवर चालतो. ही समोर गाडी हाय ना."

सगळ्यांनी फुलांनी मढवलेल्या गाडीकडे पाहिलं. नवरदेवाच्या गाडीला निकाहच्या आधी हात लावायचा, बॉनेट उघडायचं, तेही मुलीच्या बापाने? अय्यूबभाई व्याह्यांसमोर गेले. हात जोडायच्या बेतात होते. त्यांनी काही बोलायच्या आत तौसीफ गाडीत वाकला आणि त्याने बॉनेटची खटकी ओढली. झेंडूची माळ मधोमध तुटली. "घ्या मामाजी, लवकर," तो सासऱ्यांना म्हणाला. त्या घटकेपासून दिलशादला जावई पसंत पडला. त्याआधी नुसता ठरलेला होता.

मग अय्यूबभाईंनी आयुष्यात कधी न केलेली गोष्ट केली. त्यांनी पाहुण्यांचे पाचही फोन उपटून मामूंच्या हातात दिले. चिमट्याच्या वायरीने गाडीची बॅटरी डब्याला जोडली. हिरवा दिवा लागला. राउटर सुरू व्हायला तीन मिनिटं घेतो, ती त्या दिवशीही त्याने पुरती घेतली. अय्यूबभाई मान वर करून बरणीतल्या दिव्यांकडे बघत होते आणि ओठ हलत होते.

"अम्मी? काय झालं? माझ्याकडून लाइन गेली का?" अदीबचा आवाज आला तेव्हा दिलशाद पडद्याआड पोचलेलीच होती. तिने टॅब लेकीसमोर धरला. वकिलांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"हो. इजाजत आहे," जास्मीन म्हणाली. अदीबने तिकडे तोंडावर हात धरला.

बाहेर तौसीफने कबूल म्हटलं, दुआ झाली, काझीसाहेब दोनला सात मिनिटं असताना निघाले. आणि मग सगळे इतके खूश होते की डब्याकडे कुणी पाहिलं नाही. अदीबचा टॅब प्रत्येक जेवणाऱ्यापाशी फिरला. त्याला बिर्याणीची देग उघडून दाखवली, आंबे दाखवले, झोपलेलं कुणाचं तरी बाळ दाखवलं. अय्यूबभाईंच्या अंगात पुन्हा यजमान शिरला. त्यांनी मामूंना स्वतः बोलावून सांगितलं, राहिलेले वीस टक्के करून घ्या. रिकामा डबा गाडीच्या बॅटरीतून आधी स्वतःचं पोट भरत होता आणि त्याच्या मागे पुन्हा पाच फोन रांगेत होते. सव्वीस वर्षं इलेक्ट्रिशियन राहिलेला माणूस, पण त्या दोन तासांत तो फक्त बाप होता.

चार वाजता जास्मीन सगळ्यांच्या गळ्यात पडून रडून गाडीत बसली. तौसीफने चिमटे काढून बॉनेट लावलं आणि चावी फिरवली. गाडी टिक टिक म्हणाली आणि गप्प झाली. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच.

"जम्पर केबल आहे का कुणाकडे? हमरस्त्यावरची एखादी गाडी आत आणू," तौसीफचे वडील म्हणाले. साहजिकच सगळ्यांचे डोळे अय्यूबभाईंकडे वळले.

अय्यूबभाई डब्याशेजारच्या आपल्या बॅगेपाशी गेले. त्यांनी बॅग उघडली, आत पाहिलं. मागे उभ्या असलेल्या दिलशादलाही दिसलं. लाल आणि काळी जाड केबल वरच वेटोळं करून ठेवलेली होती. अय्यूबभाईंनी बॅगेची चेन लावली.

"घरी राहिली," ते म्हणाले.



"मग ढकला," दयाराम म्हणाला. "उतार हाय पुढं."

दहा-बारा माणसं लागली. मधोमध अय्यूबभाई, बाह्या सरसावून, दोन्ही तळवे डिकीवर. जास्मीनने खिडकीतून मान बाहेर काढली. "अब्बा, तुम्ही नका. गुडघे दुखतील."

"आत बस गप."

"तौसीफ, सेकंड गिअर टाका, क्लच दाबून ठेवा, वेग आला की सोडा," कुवेतहून अदीब सांगत होता. दिलशाद टॅब छातीशी धरून गाडीच्या बाजूने चालत होती, त्याला सगळं दिसावं म्हणून. गाडी हळूहळू हलली. मामू दमले, भाचे दमले, एकेक जण सुटत गेला. उतारापाशी गाडीने एक हिसका दिला, धूर सोडला आणि आपल्या पायाने पळाली. सगळ्यात शेवटपर्यंत तिच्यावर अय्यूबभाईंचे हात होते. ते दोन पावलं तिच्या मागे धावले आणि मग थांबले. गाडी चिंचेपाशी वळली.

दिलशाद त्यांच्याजवळ गेली. धाप लागली होती त्यांना.

"केबल बॅगेत होती," ती हळू म्हणाली.

"होती."

"मग?"

"सव्वीस वर्षं प्रत्येक वेळी मीच गेलो, दिलशाद. तुम्ही सोडायला यायचात. आज पहिल्यांदा मी कुणाला सोडायला आलो." ते अजून वळणाकडेच बघत होते. "पाच मिनिटं जास्त राहिली ना ती."

तिच्या हातातल्या टॅबमध्ये अदीब ऐकत होता. तो म्हणाला, "अब्बा, मला पण दिसली. वळेपर्यंत दिसली."

अय्यूबभाई तिथेच, वाटेच्या मधोमध, सगळ्या पाहुण्यांदेखत रडले. आणि दिलशादने त्यांना रडू दिलं.